देवळं किती ते नको, तास किती ते विचारा

मागच्या अंकात अंगकोरच्या सहलीवर मी जेमतेम पानभर लिहिलं होतं. त्यावर निपाणीपासून खानापूरपर्यंतची इतकी पत्रं आली, की संपादकांनी हे सदर या वेळी त्यासाठीच ठेवा म्हणून सांगितलं. कंबोडियातल्या सिएम रीप शहराशेजारची ही जुनी ख्मेर देवळं मी दोनदा पाहिली, दोन्ही वेळा ग्रुपबरोबर, गाईड घेऊन. पहिल्या खेपेला काय हुकलं आणि दुसऱ्या खेपेला काय साधलं, ते उत्तरांत येईलच.

प्रश्न : बाई, एका कंपनीच्या पत्रकात पाच दिवसांत एकवीस देवळं आहेत. दुसरी नऊच दाखवते आणि वर पैसे जास्त मागते. कुठली घ्यावी? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : नऊवाली घ्या. मनात किंतु ठेवू नका.

एकवीस देवळांच्या सहलीतून मी स्वतः जाऊन आले आहे. बांतेय स्रेई हे देऊळ शहरापासून तासाभराच्या वाटेवर आहे. तिथं आम्हाला भर दुपारी नेलं आणि चाळीस मिनिटं दिली. त्यातच पाण्याच्या बाटल्या, पाय मोकळे करणं, ग्रुपफोटो. डोक्यावरच्या उन्हात नक्षीला सावलीच नव्हती, सगळं सपाट दिसत होतं. मी आतल्या आवाराशी पोचते तोवर बसकडे चला म्हणून हाक आली. तेहतीस वर्षं फळ्यावर खडूनं अंगकोरचा नकाशा काढून मी पोरांना शिकवलं, आणि तिथं पोचून पाहायचं राहिलं. परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले मी.

तीन वर्षांनी आम्ही तेरा जण पुन्हा गेलो. या वेळी कंपनीला आधीच लिहून दिलं होतं : बांतेय स्रेई सकाळी, तीन तास. साडेसातला दार उघडलं तेव्हा आम्ही बाहेर उभे होतो. देऊळ एवढंसं आहे हो. राजानं बांधलेलं नाही, यज्ञवराह नावाच्या राजगुरूनं बांधवलं, इ. स. 967 मध्ये. दगड गुलाबी, पण कोवळ्या उन्हात तो भाजलेल्या विटेसारखा तांबूस होतो आणि प्रत्येक पानाची कड उठून दिसायला लागते. आतल्या भागात दोरी लावलेली असते, जवळ जाता येत नाही. म्हणून लहान दुर्बीण न्या, आम्ही दोघींत एक नेली होती.

दक्षिणेकडच्या छोट्या ग्रंथागाराच्या पूर्वेच्या माथ्यावर रावण कैलास हलवतो आहे. कैलास पायऱ्यापायऱ्यांचा. सगळ्यात खाली रावण, त्याची डोकी एकावर एक रचलेली, हात पंख्यासारखे पसरलेले. आसपासची जनावरं भेदरून पळताहेत. वरच्या पायरीवर ऋषी गोंधळलेत. आणि अगदी माथ्यावर पार्वती शंकराच्या मांडीवर बसून त्याला घट्ट बिलगली आहे. दुर्बिणीतून मला तिचा हात दिसला, भ्यालेल्या माणसाचा हात. बाजूला उभ्या असलेल्या, उभा जन्म शेतात घालवलेल्या आमच्या एक वहिनी म्हणाल्या, "भूकंपात माणूस असंच धरतंय की." वेरूळच्या कैलासात हाच प्रसंग आहे, तो मी मुलांना घेऊन चारदा पाहिलेला. पण पार्वतीच्या भीतीकडे माझं लक्ष गेलं ते इथं. चाळीस मिनिटांत ते गेलं नसतं.

तेव्हा कंपनीला देवळांचा आकडा विचारू नका. कुठल्या देवळाला किती तास आणि किती वाजता, एवढंच विचारा आणि कागदावर घ्या. जे सांगायला कां-कूं करतील त्यांच्याकडे जाऊ नका.

प्रश्न : आम्ही नवराबायको दोघंही पासष्टीच्या पुढचे. माझे गुडघे दुखतात. जमेल का? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : जमेल काका, पण कुठं चढायचं नाही ते घरीच ठरवून निघा. अंगकोर वाट हे तिथलं सगळ्यात मोठं देऊळ. त्याचा सगळ्यात वरचा मजला, त्याला बाकान म्हणतात, तिथली चढण उभी आहे. मूळ दगडी पायऱ्यांवर लाकडी जिना बसवलाय, तरी उतरताना पोटात गोळा येतो. तो सोडा. सगळ्यांत मोलाची शिल्पं खालच्या ओवऱ्यांत आहेत आणि तिथं चालणं सपाट आहे. फक्त चालणं पुष्कळ आहे. खंदकच जवळजवळ 190 मीटर रुंद, तो ओलांडून दरवाजा, मग पुन्हा साडेतीनशे मीटरचा दगडी रस्ता. काठी न्या, घडीचं स्टूल न्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच जावा. एप्रिलमध्ये तिथं आपल्या गोकाकच्या उन्हाळ्यासारखं ऊन असतं आणि वर घाम वाळत नाही. काकू वर चढणार असतील तर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. बौद्धांच्या पवित्र दिवशी बाकान बंद असतं, ती तारीख आधी बघून घ्या.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, तिथं आता बुद्ध आहे, मग आपण हात कुणाला जोडायचे? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : सासूबाईंना सांगा, अंगकोर वाट दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं बाराव्या शतकात विष्णूसाठी बांधलं. पुढं त्याच शतकाच्या अखेरीस सातवा जयवर्मन आला. तो महायान बौद्ध होता. अंगकोर थोम हे नगर आणि त्याच्या मधोमध मोठमोठ्या चेहऱ्यांच्या शिखरांचं बायोन ही त्याची कामं. नंतर विष्णूच्या देवळातही बुद्ध आले आणि भिक्खूंची वस्ती झाली. म्हणूनच ते देऊळ कधी पुरतं ओस पडलं नाही.

आणि विष्णू गेलेला नाही. पश्चिमेच्या दरवाजात, आत शिरताना उजव्या अंगाला, आठ हातांची उंच मूर्ती उभी आहे. तिथले लोक तिला ता रीच म्हणतात, अंगावर भगवं-पिवळं वस्त्र घालतात, उदबत्ती लावतात, कमळाच्या कळ्या वाहतात. आमच्यापुढं एक म्हातारी आपल्या नातवाला हात कसे जोडायचे ते शिकवत होती. त्यांची भाषा मला कळत नव्हती, पण पोराची बोटं धरून ती जुळवत होती ते पाहून मी मागंच थांबले. तिचं झाल्यावर मी हात जोडले. सासूबाईंनाही तिथं काही परकं वाटायचं नाही.

प्रश्न : गाईड इंग्रजीत बोलणार, आमचं इंग्रजी कच्चं. मग गाईडचे पैसे कशाला? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : गाईड घ्याच, तिथला परवानाधारक घ्या. पण गोष्टी तुम्हाला त्याच्याहून जास्त येतात, हे विसरू नका. ज्या घरात श्रावणात पोथी लागते, त्या घरातल्या माणसाला अंगकोर वाटच्या ओवऱ्या वाचायला इंग्रजी लागत नाही. पश्चिमेच्या ओवरीत एका बाजूला कुरुक्षेत्र, एका बाजूला लंकेचं युद्ध. शरपंजरी पडलेले भीष्म मला लांबूनच ओळखू आले. दक्षिणेला यमाचा दरबार आहे, चित्रगुप्तासकट, वर 37 स्वर्ग आणि खाली 32 नरक. प्रत्येक नरकाचं नाव बारीक अक्षरांत कोरलंय.

पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन आहे, जवळजवळ पन्नास मीटर लांब. मधे विष्णू, खाली कूर्म, वासुकीच्या एका अंगाला 92 असुर, दुसऱ्या अंगाला 88 देव. सगळ्यांचे गुडघे एकाच मापात वाकलेले, एकाच दमात ओढताहेत. खाली पाण्यात मासे आणि मगरी. मंदार पर्वताजवळच्या माशांकडे बघा, घुसळणीच्या जोरानं त्यांचे तुकडे झालेत. वर अप्सरा नाचताहेत. आणि शेपटीच्या टोकाला देवांच्या बाजूनं एक मोठा वानर उभा आहे. मंथनात वानर? आमच्या ग्रुपमधल्या एका माळकरी अण्णांनी तिथंच हरकत घेतली. गाईड म्हणाला, आमच्याकडे हा हनुमान. मग दोघं अर्धा तास बोलत बसले, एकाचं मराठी, एकाचं मोडकं इंग्रजी, मधे मी. त्या अर्ध्या तासात आम्हाला त्यांचं रामायण कळलं आणि गाईडला आपलं. गाईडचे पैसे त्यासाठी द्यायचे.

एक आवर्जून करा. गाईडला सांगून शिल्पं उलट्या क्रमानं बघा, म्हणजे भिंत डाव्या हाताला ठेवून. देवळाचं तोंड पश्चिमेला आहे आणि ओवऱ्यांतल्या कथा आपल्या प्रदक्षिणेच्या विरुद्ध दिशेनं लागतात. और्ध्वदैहिक कर्मात आपण जसं अपसव्य करतो, तसं. त्यामुळे हे देऊळ राजाच्या मरणोत्तर स्मारकासाठीही असावं असं अनेक अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

आणि सूर्योदय बघून झाला की सगळे ग्रुप नाश्त्याला हॉटेलवर पळतात. तुम्ही दशम्या बरोबर ठेवा आणि तिथूनच पूर्वेच्या ओवरीत जावा. ऊन समोरून येतं आणि गर्दी नसते. पश्चिमेची ओवरी दुपारनंतर.

प्रश्न : हलशी आणि कमल बस्ती दाराशी असताना एवढा खर्च करून परदेशात दगड बघायला का जायचं? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : तुमचा प्रश्न मला आवडला. हलशी आधीच बघा. भूवराह आणि नरसिंह एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत, ते एकदा डोळे भरून बघा. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचं, त्या जैन देवळाचं, छत बघा, ती 1204 सालची. त्याच सुमारास जयवर्मन बायोन उभारत होता. तिकडचं पाहून आल्यावर मला इकडचं दुपटीनं दिसायला लागलं, एवढं माझ्यापुरतं सांगते.

आणि दगडाचं म्हणाल, तर तो दगडही आपलाच आहे. अंगकोर थोमच्या दक्षिण दरवाजापाशी तटाला मी हात लावला आणि जागेवर थांबले. तांबडा, भोकाभोकांचा, बोटाला खरखरीत लागणारा, थेट जांभा. माझ्या माहेरच्या, जांबोटीच्या घराचं जोतं याच दगडाचं. आमचे वडील सांगायचे, खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. ख्मेर कारागिरांनाही ते ठाऊक होतं. पाया आणि तट जांभ्याचे, नक्षीचं काम वालुकाश्माचं, आणि तो वालुकाश्म कुलेन डोंगराच्या पायथ्याहून पाण्याच्या वाटेनं आणलेला. मोठ्या दगडांवर गोल खोबणी दिसतात. त्यांत खुंट्या ठोकून दगड उचलायचे. आमच्याबरोबरचा एक गवंडी त्या खोबणीत बोट घालून उभा राहिला होता, त्याला पुढं न्यायला फार वेळ लागला.

प्रश्न : पास, व्हिसा, पैसे? (बऱ्याच जणांची पत्रं)

उत्तर : आपल्या पासपोर्टवर व्हिसा लागतो, तो घरबसल्या ऑनलाइन निघतो. देवळांचा पास एक दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, सात दिवसांचा 72. तीन दिवसांचा घ्या. ते तीन दिवस दहा दिवसांत कधीही वापरता येतात, मधे एक दिवस विसावा मिळतो. संध्याकाळी पाचनंतर उद्यापासूनचा पास काढला, तर त्याच संध्याकाळी सूर्यास्ताला आत सोडतात. पासवर तुमचा फोटो असतो, तो हरवू नका. पास पॅकेजमध्ये धरलाय का ते आधीच विचारा, पुष्कळदा तो वेगळा निघतो. व्यवहार डॉलरमध्ये चालतो, पण नोटा कोऱ्या न्या. जराशी फाटलेली नोट कुणी घेत नाही.

प्रश्न : प्रेह विहारला जाता येईल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : सध्या नको. डांगरेक डोंगराच्या कड्यावरचं ते शिवाचं देऊळ फार सुंदर ठिकाणी आहे, पण थायलंडच्या सीमेवर आहे. 1962 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ते कंबोडियाचं ठरवलं, तरी वाद मिटला नाही आणि 2025 मध्ये दोन्ही देशांत लढाई झाली. सीमेवर राहणाऱ्यांचे हाल आपल्याला कुणी समजावून सांगायला नकोत. कुणी पॅकेजमध्ये ते ठिकाण घातलं असेल, तर काढायला सांगा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. खायचं काय? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : सिएम रीपमध्ये भारतीय हॉटेलं आहेत, उपाशी राहणार नाही. तिथल्या जेवणात मात्र माशाचा अर्क जवळपास सगळ्यात असतो, भाजीतसुद्धा, म्हणून आधी विचारा. शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बरोबर असू द्या.

एक गोष्ट मात्र तिथली नक्की खा. बांतेय स्रेईच्या वाटेवर प्रेह डाक नावाचं गाव लागतं. रस्त्याच्या कडेला मोठ्या कढया लावून बायका ताडाचा रस आटवत असतात. मी गाडी थांबवायला लावली. आपल्याकडचं गुऱ्हाळ जसंच्या तसं. खाली जाळ, वर फेस, झाऱ्यानं सारखं ढवळणं, आणि काकवी व्हायच्या आधीचा तोच वास. तयार झालेल्या लहान लहान वड्या ताडाच्या पानात बांधून देतात. आमच्यातल्या हुक्केरीच्या एका मामींनी त्या बाईच्या हातून झारा घेतला आणि मनगट कसं फिरवायचं ते दाखवलं. त्या बाईनं तिची पद्धत दाखवली. दोघी हसत होत्या, दोघींचे डोळे धुरानं लाल झालेले. मी चार पुडे घेतले. तीन नातेवाइकांत गेले, एक अजून माझ्या फडताळात आहे.