काजवे बघायला बसशील तेव्हा

सप्रेम आशीर्वाद.

काजव्यांच्या अभ्यासासाठी कोणता कॅमेरा घ्यावा, असं तू विचारलं आहेस. कॅमेरा सध्या राहू दे. सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि वही पुरे. काजव्याचा प्रकाश म्हणजे निरोप असतो, आणि तो दोन चमकांमधल्या वेळेत दडलेला असतो. फोटोत सगळ्या चमका एकदम उमटतात आणि नेमकी ती वेळच हरवते.

उत्तर अमेरिकेतल्या फोटिनस पायरॅलिस या काजव्याचंच बघ. नर उडता उडता खाली झुकतो, वर उठताना चमकतो. साधारण 6 सेकंदांनी पुन्हा तेच. गवतातली मादी सुमारे 2 सेकंद थांबून उत्तर देते. ही वेळ चुकली तर नर तिच्याकडे फिरकत नाही. फोट्युरिस या काजव्यांच्याच दुसऱ्या प्रजातीतल्या माद्यांनी नेमकं हेच हेरलंय! त्या परक्या नराला त्याच्या मादीच्या ठेक्यात उत्तर देतात आणि भुलून आला की त्याला खातात. पोट भरतंच, शिवाय त्याच्या अंगातलं विष यांच्या अंगी येतं आणि कोळी यांच्या वाटेला जात नाहीत. कीटकशास्त्रज्ञ जेम्स लॉइड यांनी 1965 मध्ये ही फसवणूक जगापुढे मांडली. चमकांची वेळ न बघणाऱ्याला ती दिसलीच नसती.

प्रत्येक उजेड प्रणयाचा समजू नकोस. काजव्यांच्या अळ्याही चमकतात. तो भक्षकांना इशारा असतो. न्यूझीलंडच्या वायटोमो गुहांत लकाकणाऱ्या अळ्या तर काजव्यांच्या नव्हेतच, त्या माशी-डासांच्या जातकुळीतल्या. चिकट धाग्यांवर भक्ष्य ओढायला त्या उजेड करतात.

लुसिफेरिन (जळून उजेड देणारं द्रव्य), लुसिफरेज (ते जळायला मदत करणारं विकर), ऑक्सिजन, एटीपी (पेशीचं इंधन) यांतून उजेड कसा होतो, हे रसायन पुस्तकात मिळेल. फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युब्वा यांचा 1885 चा प्रयोग मात्र मुळातून समजून घे. चमकणाऱ्या भुंगेऱ्याचा थंड पाण्यातला अर्क हळूहळू विझला, गरम पाण्यातला चमकलाच नाही, आणि दोन्ही गार करून एकत्र करताच उजेड परतला. एक द्रव्य जळून संपणारं, दुसरं उष्णतेने निकामी होणारं, हे एवढ्यावरून कळलं. मला आजही याहून देखणा प्रयोग सुचत नाही.

आता कामाचं. चांदणं नसलेली रात्र निवड, टॉर्चला लाल कागद लाव, गरजेपुरतीच पेटव. एकाच नरावर नजर ठेव. चमकांमधलं अंतर, जमिनीपासूनची उंची आणि हवेचं तापमान लिही. गारव्यात लय मंदावते, तापमानाशिवाय आकडे निरुपयोगी. पकडू मात्र नकोस. नोंदी कच्च्याच पाठव, सुवाच्य करत बसू नकोस.