गणिती फायनान्समध्ये पीएचडी करायची आहे? बर्लिनहून सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कॉम्प्युटरचं बी.ई., मग दोन वर्षं बँकेच्या रिस्क विभागात नोकरी, आता मॅथेमॅटिकल फायनान्समध्ये पीएचडी करायची आहे. जर्मनी बरी की अमेरिका, आणि पैशाचं कसं होतं? मीही बी.ई. करून, बँकेत काम करून बर्लिनला आलो आणि इथेच पीएचडी केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

देश नंतर ठरवू. ही पदवी फायनान्सच्या नावाची असली तरी आतून संभाव्यताशास्त्राची आहे, हे मला इथे आल्यावर कळलं. तुम्हाला ते निघण्याआधी कळावं असं मनापासून वाटतं. बँकेत आपण ऑप्शनची (ठरलेल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काची) किंमत काढायला ब्लॅक-शोल्सचं सूत्र वापरतो, सिम्युलेशन चालवतो, आकडा जुळला की पुढे जातो. इथे 'बाजारात फुकटचा नफा मिळत नाही' या वाक्याचा गणितात नेमका अर्थ काय, यावरच लोकांची वर्षं गेली आहेत. डेल्बेन आणि शाखरमायर या गणितज्ञांनी 1994 साली त्याचं जे प्रमेय सिद्ध केलं, ते समजून घ्यायलाही सेमीमार्टिंगेल (किमतींसारख्या यादृच्छिक प्रक्रियांचा एक मोठा वर्ग) आणि फंक्शनल अ‍ॅनालिसिस (अनंत मितींच्या अवकाशांचं गणित) पक्कं लागतं.

माझाच अनुभव सांगतो. पहिल्या वर्षी मी सेबर मॉडेलवर (किमतीबरोबर तिची व्होलॅटिलिटी, म्हणजे चढउताराचं प्रमाणही यादृच्छिकपणे बदलतं असं धरणारं मॉडेल) दोन पानं लिहून मार्गदर्शकांकडे नेली. हे मॉडेल मी पुण्यात रोज वापरायचो, त्यामुळे खात्री होती. त्यांनी पेन्सिलीने एका ओळीभोवती गोल केला. 'दोन्ही बाजूंचं एक्स्पेक्टेशन (अपेक्षित सरासरी) घेऊ' असं म्हणून मी तिथे एक स्टोकॅस्टिक इंटिग्रल (यादृच्छिक प्रक्रियेवर घेतलेलं इंटिग्रल) शून्य करून टाकलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, 'हे मार्टिंगेल आहे कशावरून?' मार्टिंगेल म्हणजे जिचं पुढचं अपेक्षित मूल्य आजच्या मूल्याइतकंच राहतं अशी प्रक्रिया. ते नव्हतंच. मॉडेलमधला बीटा हा घातांक 1 असेल आणि किंमत व व्होलॅटिलिटी यांचं कोरिलेशन धन असेल, तर त्या मॉडेलमधली किंमत फक्त लोकल मार्टिंगेल (छोट्या टप्प्यांत मार्टिंगेलसारखी, पण एकूण नाही) उरते, आणि पुट-कॉल पॅरिटीसुद्धा (खरेदी आणि विक्रीच्या ऑप्शनच्या किमतींतलं नातं) नेहमीच्या रूपात टिकत नाही. त्या एका ओळीने माझे चार महिने घेतले. पण हा विषय मला खरा आवडला तो त्याच चार महिन्यांत. असे चार महिने तुम्हाला हवेसे वाटत असतील तर जरूर या. मॉडेल बांधून ट्रेडिंग डेस्कवर काम करायचं असेल तर क्वांट (गणिती मॉडेलवर चालणाऱ्या) फायनान्सचं चांगलं मास्टर्स पुरतं, त्यासाठी आयुष्याची चार-पाच वर्षं घालू नका.

आता देश. अमेरिकेत बी.ई.नंतर थेट पीएचडीला घेतात. साधारण पाच वर्षं लागतात, पहिली दोन कोर्स आणि क्वालिफाइंग परीक्षेत जातात, फी माफ असते आणि असिस्टंटशिपवर (शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या मानधनावर) खर्च भागतो. प्रिन्स्टन, कोलंबिया, कार्नेगी मेलन इथे या विषयाची परंपरा भक्कम आहे. जर्मनीत सहसा आधी गणिताचं मास्टर्स लागतं. त्यानंतरची पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा चक्क नोकरी: करार, टीव्ही-एल ई13 श्रेणीचा (राज्यांच्या सरकारी वेतनकरारातल्या एका श्रेणीचा) पगार, त्यातून कर, आरोग्यविमा आणि पेन्शनची कपात. करार पूर्ण वेळेचा आहे की अर्ध्या-पाऊण, हे सही करण्याआधी विचारा. हातात येणारी रक्कम त्यावर ठरते, आणि बर्लिनमध्ये भाड्याचं घर मिळणं हीच सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे.

तुमच्यासाठी एक वाट मुद्दाम सुचवतो. बर्लिन मॅथेमॅटिकल स्कूल ही इथल्या तीन विद्यापीठांची मिळून 2006 साली सुरू झालेली संस्था. तिथे बॅचलर पदवीवरही पहिल्या टप्प्यात प्रवेश मिळू शकतो, शिकवणं इंग्रजीत असतं, आणि कोर्स व परीक्षा झाल्यावर संशोधनाकडे जाता येतं. शिवाय रफ व्होलॅटिलिटीवर (व्होलॅटिलिटी फार खडबडीत रीतीने बदलते असं मानणाऱ्या मॉडेलांवर) टीयू म्हणजे बर्लिनचं तांत्रिक विद्यापीठ आणि वायरश्ट्रास इन्स्टिट्यूट ही इथली गणित संशोधन संस्था यांमध्ये खूप काम चालतं.

जर्मनीत अर्जापेक्षा मार्गदर्शक आधी शोधावा लागतो. त्याला इथे 'डॉक्टरफाटर' म्हणतात, म्हणजे डॉक्टरेटचा बाप, आणि नातं खरंच तितकं जवळचं असतं. पन्नास जणांना एकच मेल पाठवू नका. तिघांचे अर्काइव्हवरचे (शोधनिबंधांच्या मोफत संकेतस्थळावरचे) ताजे पेपर वाचा आणि त्यातल्या एका लेमाबद्दल (छोट्या सहायक प्रमेयाबद्दल) खरी शंका विचारा. मला उत्तर आलं ते अशाच मेलला.

आई-वडिलांबद्दलही तुम्ही विचारलंत. वर्षातून एकदाच जाणं होतं, आणि दुखण्याखुपण्याला आपण तिथे नसतो. यावर माझ्याकडे तोडगा नाही. निघायच्या आधी त्यांच्याशी मोकळेपणाने बोला.

नोकरी एवढ्यात सोडू नका. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत दाखला) काढायला टाका, त्याला वेळ लागतो. एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर) आयआयटी मुंबईच्या इंदर राणा सरांचा मेझर अँड इंटिग्रेशनचा कोर्स मोफत आहे, तो रोज तासभर, पण वही-पेन घेऊन करा. मग ब्राउनियन गतीचं (सतत चालणाऱ्या यादृच्छिक हालचालीचं) t वेळेपर्यंतचं क्वाड्रॅटिक व्हेरिएशन (टप्पे बारीक करत नेल्यावर छोट्या बदलांच्या वर्गांची बेरीज) t का येतं, हे पुस्तक मिटून स्वतः सिद्ध करून बघा. अडलात तर पानाचा फोटो पाठवा, मी बघून कळवतो.