अंबर एलला गुण देताना

प्रश्न : नागपुरातल्या एका ब्रूपबमधल्या (स्वतःच बिअर बनवणाऱ्या पबमधल्या) अंबर एल या तांबूस बिअरला कॅरॅमलसोबत लोण्यासारखा वास येत होता. हा दोष मानायचा का? गुण कसे द्यायचे?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : कॅरॅमल हवाच, तो क्रिस्टल माल्टमधून, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूतून येतो. ठळक लोणी मात्र दोषच. तो वास आंबवताना तयार होणाऱ्या रसायनाचा, म्हणजे डायअ‍ॅसिटिलचा. आंबवण संपत आली की यीस्ट ते स्वतःच शोषून घेतं; बिअर घाईने थंड केली तर ते मागे उरतं. नळापर्यंतच्या पाइपांत जिवाणू वाढले तरी हाच वास येतो, पण मग बहुधा आंबटपणाही जाणवतो. पाइप दर 14 दिवसांनी धुतात का, हे बेधडक विचारा. गिऱ्हाइकाचा तो हक्कच आहे.

आपल्याकडे उन्हाळ्यात ग्लासही बर्फात ठेवलेला देतात. त्यात वास दबतो आणि दोष लपतात. साधा ग्लास मागा, बिअर 8 ते 12 अंशांवर येऊ द्या. ओतल्याबरोबर आधी वास घ्या, मग रंग बघा, मग घोट. सावजी रस्सा त्यानंतरच. तिखटाने जीभ भाजली की हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा) कडूपणा नीट मोजता येत नाही.

बीजेसीपी या बिअर-परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या गुणपत्रिकेत 50 गुण असतात : वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला पोत 5, एकूण परिणाम 10. रंग तांबूस, कडूपणा मध्यम हवा. भिजलेल्या पुठ्ठ्याची चव लागली तर बिअरला हवा लागली आहे. लोणी तुम्ही म्हणता तसं ठळक असेल, तर चवीला 10च्या वर आम्ही देणार नाही.