क्लिप लावायच्या आधी चिप वाचा

प्रश्न : नमस्कार भाऊ, गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. नागपूरहून जुना थिंकपॅड एक्स२३० लॅपटॉप आणला, लिनक्स त्याच्यावर मस्त चालते, आता बायोस (मशीन चालू होताना पहिले चालणारा प्रोग्राम) काढून त्याच्या जागी कोअरबूट हा मोकळा प्रोग्राम टाकायचा आहे. की-बोर्ड अन् पामरेस्ट काढला तर आठ पायांच्या दोन चिप दिसल्या, अन् कोअरबूटची फाईल मात्र १२ एमबीची एकच. चिपच्या पायांना पकडणारी क्लिप लावली तर फ्लॅशरॉम (चिप वाचायचं-लिहायचं सॉफ्टवेअर) म्हणते चिपच सापडत नाही. कोणत्या चिपवर काय टाकू? अन् आमच्याकडे लाइटचा भरोसा नाही, मधातच गेली तर बोर्ड मरन का?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, लिहायच्या आधी विचारलं हे लय बरं केलं. एक्स२३० मध्ये स्क्रीनकडची म्हणजे वरची चिप ४ एमबीची असते आणि आपल्याकडची म्हणजे खालची ८ एमबीची, दोन्ही मिळून १२. ८ च्या चिपमध्ये डिस्क्रिप्टर (कोणता भाग कुठे आहे त्याचा नकाशा), इंटेलचं एमई (मॅनेजमेंट इंजिन) आणि लॅन कार्डचा मॅक ॲड्रेस म्हणजे त्याचा ओळख नंबर राहतो, बायोसचा मुख्य भाग ४ च्या चिपमध्ये. म्हणून फाईलचे पहिले ८ एमबी खालच्या चिपचे, शेवटचे ४ वरच्या चिपचे. कोअरबूट बनवतानाच त्याचा आकार ४ एमबीत बसवला तर फक्त वरचीच चिप लिहून भागते, पहिल्यांदा तेच करा.

आता चिपवरचा नंबर. मोबाइलचा टॉर्च वरून नाही, आडवा धरा, स्पिरिटच्या बोळ्याने चिप पुसा, मग राखाडी अक्षरं उठून दिसतात. २५क्यू६४ मधला ६४ म्हणजे ६४ मेगाबिट, भागिले ८ केलं की ८ एमबी, तसंच ३२ म्हणजे ४ एमबी. पण नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. काही चिपांची आयडी सारखीच असते, तेव्हा फ्लॅशरॉम दोन-तीन नावं दाखवून तुम्हालाच निवडायला लावते. आणि विनबाँडची डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही ३.३ व्होल्टची, तर एफडब्ल्यू १.८ ची. मी एकदा दुसऱ्याच एका बोर्डावर हे शेवटचं अक्षर न बघता ३.३ दिले आणि चिप गेली, अजून जीव हळहळतो. तुमच्या एक्स२३० ला ३.३ च लागतात, पण सीएच३४१ए या प्रोग्रामरचे (चिप लिहायचं यंत्र) काळे स्वस्त बोर्ड बरेचदा डेटा लाइनवर ५ व्होल्ट सोडतात, मल्टिमीटर लावून बघितल्याशिवाय क्लिप लावू नका.

चिप सापडत नाही याचं कारण बहुतेक वेळा क्लिपच असते. चिपच्या कोपऱ्यावर बारीक ठिपका आहे तो पहिला पाय, क्लिपची लाल वायर तिकडेच हवी. चार्जर, मोठी बॅटरी आणि आतली बटण सेल तिन्ही काढलेले पाहिजेत. वायर जेवढी आखूड तेवढं बरं, लांब वायरीत सिग्नल बिघडतो, आणि बोर्डाचे बाकीचे पार्टही तोच करंट ओढतात.

सापडली की लगेच लिहायला घेऊ नका. आधी चिपमधला डेटा दोनदा वाचून दोन फाईली करा, दोन्ही फाईलींचा चेकसम (फाईलीवरून निघणारा पडताळणीचा नंबर) जुळवा, नाही जुळला तर क्लिप काढून परत बसवा. दोन्ही चिपांचे जुने डंप, म्हणजे वाचलेल्या फाईली, पेनड्राइव्हवर वेगळे ठेवा. तुमच्या मशीनचा मॅक ॲड्रेस त्यातच आहे, नेटवरून दुसऱ्याची फाईल आणून तो परत मिळणार नाही.

लाइटचं म्हणाल तर घाबरू नका. बाहेरून प्रोग्रामरने लिहिताना मधातच गेली तर फक्त लिखाण अर्धवट राहते, बोर्ड मरत नाही, पुन्हा पहिल्यापासून लिहायचं. तरी प्रोग्रामर दुकानातल्या डेस्कटॉपला लावू नका, बॅटरी धड असलेला कोणाचा तरी दुसरा लॅपटॉप घ्या.