नकाशात खाजन फुगतं कशानं?

प्रश्न: दिवाडी बेटावरच्या आमच्या खाजनाची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीची हद्द क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक-प्रणालीत उपग्रहचित्रावर आखली. एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमीन-नोंदीच्या) उताऱ्यावर क्षेत्र 12,000 चौरस मीटर, संगणक दाखवतो 12,990. लेयर, म्हणजे आखलेल्या हद्दीचा थर, अक्षांश-रेखांशात घेतला तर 0.000001! शेजाऱ्याने बांध सरकवला म्हणावं, तर बांध जागच्या जागी आहे.
– एक वाचक, तिसवाडी

उत्तर: शेजाऱ्याला सोडा, दोष प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीचा आहे. उपग्रहचित्राचा लेयर वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ईपीएसजी:3857 या कोडच्या प्रक्षेपणात असतो आणि तुमची हद्दही त्यातच आखली गेली. हे प्रक्षेपण विषुववृत्तापासून दूर जावं तसं सगळं ताणत नेतं. गोव्याच्या साडेपंधरा अंशांवर 500 मीटरांचा बांध पूर्व-पश्चिम असेल तर सुमारे 519 मीटर भरतो, दक्षिणोत्तर असेल तर 522. दोन्ही ताण मिळून क्षेत्र आठ टक्क्यांहून थोडं अधिक फुगतं. तुमचे जादा 990 तिथूनच आले. 0.000001 हा आकडा चौरस अंशांतला. त्याचा काही उपयोग नाही. इथे एक अंश रेखांश सुमारे 107.3 किलोमीटर, तर एक अंश अक्षांश 110.7.

यूटीएम हे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारं प्रक्षेपण. गोवा पूर्ण यूटीएम झोन 43 उत्तरमध्ये येतो, कोड ईपीएसजी:32643. व्हेक्टर मेनूतल्या डेटा मॅनेजमेंट टूल्समधून रिप्रोजेक्ट लेयर घ्या, हा कोड द्या आणि नव्या लेयरवर क्षेत्र काढा. ‘सेट लेयर सीआरएस’ला (सीआरएस म्हणजे लेयरची निर्देशांक-पद्धत) मात्र हात लावू नका. त्याने आकडे तेच राहतात, फक्त पाटी बदलते. अक्षांश-रेखांशाच्या लेयरला यूटीएमची पाटी लावलीत तर खाजन मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर समुद्रात सापडेल. अशी गंमत होते ती बहुतेक वेळा याच बटणामुळे.

फील्ड कॅल्क्युलेटरमध्येही बघून घ्या: ‘$एरिया’ प्रोजेक्टला नेमलेल्या इलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या किंचित चपट्या गोलाकारावर मोजतं, ‘एरिया’ हे फंक्शन लेयरच्या प्रक्षेपणात सपाट मोजतं. त्यामुळे एकाच लेयरचे दोन आकडे येऊ शकतात.

यूटीएमही अगदी बिनचूक नाही. पणजीच्या आसपास किलोमीटरमागे सुमारे 20 सेंटिमीटर कमी भरतात, तुमच्या खाजनात चौरस मीटर जेमतेम पाच. त्याची चिंता नको. 100 बाय 120 मीटरच्या तुकड्याची रेघ चहूबाजूंनी एक मीटर बाहेर गेली तर 444 चौरस मीटर वाढतात. झूम करून बांधाच्या मध्यावर रेघ ओढा.

प्रश्न: सत्तरीत डोंगरउतारावरच्या काजूबागेची कड टेपने 100 मीटर भरते, यूटीएममध्ये 94. आता कोण चुकतंय?
– एक वाचक, वाळपई

उत्तर: कोणीच नाही. टेप उतारावरून जातो, नकाशा आडवं अंतर धरतो. 20 अंशांच्या उतारावर 100 चे 94 होतात. जमिनीची मोजणीही आडव्या अंतरानेच होते, तेव्हा उताऱ्याशी ताळा करायचा तो नकाशाच्या आकड्याचा. कुंपणाची तार आणायची असेल तर टेपचा आकडा धरा.