टीचर ‘चॅटी’ म्हणाली म्हणजे नक्की काय म्हणाली?

मी इंग्लंडमधे प्रायमरी शाळेत शिकवते. ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की पेरेंट्स इव्हनिंग, म्हणजे आईबाबांनी टीचरला भेटायची संध्याकाळ येते, दहा मिनिटांचा स्लॉट, मुलांच्याच बुटक्या खुर्च्या आणि त्यावर ऑफिसमधनं थेट धावत आलेली आपली मराठी आईबाबा मंडळी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. पहिला प्रश्न ठरलेला, वर्गात कितवा नंबर आहे? अहो, इथे नंबर काढतच नाहीत. त्या वयाला जेवढं यायला हवं तेवढं येतंय का, मागे आहे की पुढे, एवढंच टीचर सांगते. एका बाबांना हे सगळं समजावलं तर ते हळूच म्हणाले, “तरी पण मॅडम, अंदाजे... पहिल्या पाचात?” मला इतकं गोड वाटलं ते, माझे बाबा पण अगदी असेच विचारायचे.

पण नंबरापेक्षा महत्त्वाचं म्हणजे टीचरची भाषा ओळखायला शिका. “शी इज व्हेरी चॅटी”, “ही इज क्वाइट लाइव्हली”, असं ऐकून आपले लोक खूश होऊन घरी जातात आणि आजीला व्हिडिओ कॉलवर सांगतात की टीचरने केवढं कौतुक केलं. नाही हो! चॅटी म्हणजे मी शिकवत असताना ती शेजारणीशी गप्पा मारते, आणि लाइव्हली म्हणजे तो कार्पेटवर दोन मिनिटं बूड टेकत नाही. इथे तक्रार साखरेत घोळवून देतात, ती वाईट हेतूने नाही, रीतच तशी आहे. म्हणून सरळ विचारा, “घरी आम्ही कुठल्या एका गोष्टीकडे लक्ष देऊ?” मग बघा टीचर कशी मोकळेपणी बोलायला लागते, मी तरी लागते.

इयर वनवाल्यांसाठी, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या आईबाबांसाठी एक. जूनमधे फोनिक्स चेक, म्हणजे वाचनाची छोटी तपासणी असते, त्यात 40 शब्द, पैकी 20 चक्क खोटे, काही अर्थच नसलेले, त्यांच्या शेजारी एलियनचं चित्र काढलेलं. मूल अक्षरं जोडून वाचतंय की शब्द नुसता तोंडपाठ आहे हे बघायचं असतं. एक आई रात्रभर डिक्शनरी शोधून सकाळी गेटवर मला म्हणाली, “हा शब्द सापडतच नाहीये हो!” सापडणार कसा. उलट भराभर वाचणारी मुलंच इथे फसतात, स्ट्रोम लिहिलेलं असलं तरी स्टॉर्म वाचून मोकळी होतात. तेव्हा घरी सराव घेताना जे लिहिलंय तेच वाचायला लावा, अर्थ शोधू नका. आपण नाही का बाराखडी म्हणताना कुठे अर्थ बघतो?

आता मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, घरी मराठी बोललो तर इंग्लिश कच्चं राहील का? नाही, मनापासून सांगते, बोला, भरपूर बोला. आपली मुलं “मिस, आय गेव्ह द टेस्ट” म्हणतात आणि बाकीचा वर्ग गोंधळतो, कारण इथे टेस्ट टीचर देते, आपल्याकडे परीक्षा मुलं देतात. हे असलं चारदोन महिन्यात आपोआप सुटतं, त्याची काळजी नको. आणि मराठीमुळे जे मिळतं ते बघा. माझ्या वर्गातल्या एका मुलाला तीस वजा एक विचारलं की तो विचारच करत नाही, कारण एकोणतीस या शब्दातच ती वजाबाकी बसलेली आहे. तो मोजतो पण पेरांवर, अंगठा टेकवत, एका हातावर बारा. बाकीची मुलं दहा बोटं संपली की अडतात आणि त्याच्याकडे बघत राहतात, मग मी त्यालाच पुढे बोलवून सगळ्यांना पेरं मोजायला शिकवायला लावलं.

इयर फोरमधे, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या वर्गात पाढ्यांची टेस्ट येते, 12 पर्यंतचे पाढे, 25 प्रश्न, प्रत्येकाला फक्त 6 सेकंद. उत्तर स्क्रीनवर आकड्यातच टाकायचं असतं, मनात कुठल्या भाषेत आलं ते कोण विचारतंय? तेव्हा गाडीत, अंघोळीच्या वेळी, आजीसोबत कॉलवर, बे एके बे चालू ठेवा. मागच्या वर्षी त्या टेस्टच्या वेळी पूर्ण वर्ग चिडीचूप होता, आणि मागच्या बाकावरून अगदी हळू आवाज आला, बारा साती चौऱ्याऐंशी.