डबीतले दाणे वाटून टाक

परवा तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तेच चाललंय. आजीच्या पत्र्याच्या डबीत राखेत घातलेले वालपापडीचे 34 दाणे निघाले आणि तू विचारतेस, काका, पेरू की फ्रिजमध्ये जपून ठेवू, पेरले आणि नाही आले तर आजीचं म्हणून काहीच उरणार नाही. अगं पोरी, नाही पेरलंस तरी उरणार नाहीये. कोरडा वाल तीनचार वर्षं दम धरतो, पुढे आतल्या आत मरत जातो आणि वरून अगदी छान दिसतो. कांद्याचं उळं, म्हणजे बी, तर दुसऱ्याच वर्षी दगा देतं, निफाडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचार.

तर पाऊस सुरू झाला की चार दाणे ओल्या फडक्यात बांध, कोंब आले तर तेच आधी लाव, मग उरलेल्यातले निम्मे लाव आणि निम्मे वाट. हो, वाट. एकाच घरात बी ठेवायचं नाही.

माझ्या आईचा दोडका होता, मखमलाबादला घरामागच्या मांडवावर. बुटका, शिरा धारदार, पण शिजला की लोणी. आई गेल्यावर 7 वर्षं मी एकट्याने सांभाळला, वेलावरचं पहिलं चांगलं फळ बियाणाला, त्याला लाल दोरा, दोऱ्याला घरात कुणी हात लावायचा नाही. वहिनीने बी मागितलं तर म्हटलं पुढच्या वर्षी देतो, यंदा कमी आहे. कमी नव्हतं. मला वाटायचं ही हायब्रीडच्या शेजारी लावेल आणि जात बिघडवेल, दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, किडे कुठलेही पराग आणून टाकतात, म्हणजे भीती खोटी नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण त्याच वर्षी परतीच्या पावसात मांडव आडवा झाला, दोरा बांधलेली फळं चिखलात कुजली, आणि मागचं बी मी सगळं पेरून बसलो होतो. वहिनीकडे मूठभर असतं तर? एकाच घरात बी ठेवायचं नाही, किती वेळा सांगू.

नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना गावठी बियाण्याच्या कामासाठी 2020 ची पद्मश्री मिळाली, त्यांनी बी नुसतं जपलं नाही, बायाबायांत वाटलं.

आणि ते हायब्रीड टोमॅटोचं बी धरलंस, पुढच्या पिढीत फळं भलतीच आली म्हणून रडू नकोस, ते तसंच होतं. वालाचं तसं नाही, त्याचं फूल बहुतेक आपलं आपणच फळतं, नवशिक्याला याहून सोपं बी नाही. फक्त घाई करू नकोस. जुना गावठी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, गणपतीत नुसता पाला बघून तू वेल उपटशील अशी मला धास्ती आहे. दिवाळीच्या आसपास जांभळे तुरे येतील, तेव्हा तुझ्या धाकट्या भावाला दोरा बांधायला लाव. त्याने बांधलेली शेंग तो कुणालाही तोडू देणार नाही बघ, माझी नात असंच करते. शेंग वेलावरच खुळखुळेपर्यंत वाळू दे, दाणे सावलीत वाळव, पुडीवर वर्ष लिही.

रविवारी डबी घेऊन ये, मी कागद कापून ठेवतो. चार दाण्यांची एक पुडी माझी, आणि एकीवर वहिनीचं नाव घाल, ती मी स्वतः नेऊन देईन.